वळचणीचं पाणी

हिंटरमोसच्या स्वर्गात कोणाला जागा द्यायची हे तिघांनी मिळून ठरवायचं होतं. एक फादर सेबाल्ट, दुसरा बिअर गाळणारा श्टाडलर आणि तिसरा चितारी क्विरिन. क्विरिनला कोणाला नाही म्हणताच यायचं नाही, म्हणून दोघांनीच ठरवून टाकलं. निळ्या रंगाचा खर्च श्टाडलरने उचलला होता, तेव्हा गावच्या चर्चच्या छतावर, उत्तरेकडच्या कडेला, रंगवलेल्या ढगावर श्टाडलर बसला, गुडघ्यांवर हात ठेवून, नुकता जेवून उठल्यासारखा. शेजारी त्याची बायको बसणार होती आणि मागे त्याची वारलेली आई. जिवंत असताना ती बाई गावात कोणाशी धड बोलली नव्हती, पण निळा रंग महाग असतो.

राहता राहिले देवदूत. त्यासाठी श्टाडलरची धाकटी रोझल सकाळीच चर्चमध्ये आणून पिंपावर बसवली होती, उघडीवाघडी, लोण्याच्या गोळ्यासारखी. क्विरिन कोळशाने तिचं तोंड कागदावर उतरवत होता. ती पडू नये म्हणून तिला धरायचं काम त्याच्या बायकोला, आफ्राला लावलं होतं.

"आफ्रा, जरा उजेडाकडे कर तिला," क्विरिन म्हणाला.

आफ्राने केलं. दूध आटावं म्हणून सुइणीने तिच्या छातीला करकचून बांधलेला फडका अजून सुटला नव्हता. पोरीला ते काय ठाऊक. ती वास घेत घेत आफ्राच्या छातीकडे तोंड वळवत होती, आणि आफ्रा तिला पुन्हा उजेडाकडे फिरवत होती. हे काम बायकोला सांगावं हे त्या माणसाला सुचलं तरी कसं, हेच तिला कळत नव्हतं. खरं तर त्याला काही सुचलंच नव्हतं. पोर धरायला बाई लागते, बाई समोर होती, संपलं.

हनुवटी वर करायला क्विरिन पुढे वाकला तेव्हा रोझलने त्याचा उजवा कान पकडला. त्या कानाची वरची कड जन्मापासून दुमडलेली होती, पुस्तकाच्या पानाचा कोपरा मुडपून ठेवावा तशी.

"सोड गं त्याचा कान," श्टाडलर बाकावरून हसला. "आधीच एक मोडका आहे, उरलेला तरी राहू दे."

क्विरिनही हसला. आफ्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हसतोय. जेमतेम तीन आठवडे झालेत, आणि दुसऱ्याच्या लेकराला कान ओढू देऊन हसतोय.

त्यांचं लेकरू मेलेलंच जन्माला आलं होतं. मुलगी होती. श्वास नाही, रडणं नाही, डोळे उघडलेच नाहीत. सुईण वाल्बुर्गाने पाठ चोळली, तोंडात फुंकलं, कोमट पाण्यात धरलं, काही केलं तरी काही नाही. फादर सेबाल्ट आला तो दारातच थांबला. वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर बरं झालं असतं, रागाला घर सापडलं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "श्वास नव्हता म्हणजे बाप्तिस्मा नाही. आणि बाप्तिस्मा नाही तर माझ्या दफनभूमीत जागा नाही, आणि वरही नाही. नियम माझा नाही, आफ्रा. कुंपणापलीकडे ठेवा, खाजऱ्या पाल्याच्या बाजूला. मी तिकडे बघणार नाही."

क्विरिन खाटेच्या पायथ्याशी टोपी हातात धरून उभा होता, दाराकडे तोंड करून. एकदाही त्याने मागे वळून पाहिलं नाही. आणि फादरचं बोलणं संपल्यावर त्याने मान डोलावली.

हीच ती मान. निळा रंग हिच्यामुळे मिळाला, काम हिच्यामुळे मिळालं, श्टाडलरची आई हिच्यामुळे स्वर्गात गेली. त्या दिवशी ती खांद्यावरून गळून पडली असती तरी आफ्राने उचलली नसती.

तिन्हीसांजेला वाल्बुर्गा अंड्यांची टोपली घेऊन परत आली. लेकराला तिने त्यातच ठेवलं, वर फडकं झाकलं आणि म्हणाली, "ऊठ पोरी. चालवतंय का? पाल्याबिल्यात काही जायचं नाही. उत्तरेच्या भिंतीला चल."

आमच्याकडे ही रीत कोणी सांगत नाही आणि सगळ्यांना माहीत असते. चर्चच्या छपरावरून पावसाच्या पागोळ्या पडून पडून जमिनीत एक रेघ खणली जाते. श्वास न घेतलेली लेकरं त्या रेघेत ठेवायची. देवाच्या छपरावरून उतरलेलं पाणी त्यांच्यावर पडतं, आणि पाद्रीने जे दिलं नाही ते छप्पर देतं. वाल्बुर्गाने फावडं आणलं होतं. माती तिथे मऊच होती, बऱ्याचदा उकरलेली.

"नाव ठेवलंयस?" तिने विचारलं.

"ठेवलंय."

"मग मला सांगू नकोस. नवऱ्यालाही नाही. पाऊस आला, पागोळ्या लागल्या, की इथे येऊन उभी राहा, नाव घे आणि पाद्री म्हणतो तेच शब्द म्हण. पाण्याला काय कळतंय कोण म्हणतंय ते. तोवर इकडे फिरकायचं नाही. रोज येऊन रडत बसलीस तर त्या फादरला बघावंच लागेल."

"आभाळातून सरळ पडलेलं पाणी नाही का चालत, मावशी?"

"ते गाढवावरही पडतं." वाल्बुर्गाने पायाने माती दाबली. "घाबरू नकोस. आढ्याचं पाणी वळचणीला जातंच. ते कोणाच्या बापाला अडवता येत नाही."

त्यानंतर पाऊस पडला नाही. गवत कापणीचे दिवस, सगळं गाव कोरड्या हवेसाठी गुडघे टेकत होतं आणि हवाही इमानदारीने कोरडी राहत होती. रविवारी फादर वेदीवरून उन्हाबद्दल देवाचे आभार मानायचा. तेवढ्या गर्दीत एकटी आफ्रा दात आवळून उलटं मागायची. मागणं कसलं, भांडणच ते. पडत का नाहीस, तुझं काय जातंय. रस्त्याने जाताना बायका म्हणत, काय छान ऊन आहे ना, आफ्रा. ती म्हणे, हो, छान आहे. आणि मनात त्यांच्या गंज्यांना आग लावून मोकळी व्हायची.

तर त्या दिवशी रोझलचं तोंड कागदावर उतरवून झालं, तिला पाव-लोणी देऊन श्टाडलर घेऊन गेला, आणि क्विरिन परांचीवर चढला. उत्तरेच्या कडेला त्याने सकाळीच ओला गिलावा थापून ठेवला होता. चुना ओला आहे तोवर रंग आत मुरतो, वाळला की संपलं. मग चूक असो की बरोबर, हातोड्याने फोडल्याशिवाय निघत नाही. म्हणून ओला गिलावा असताना क्विरिन कोणाचं ऐकायचा नाही, जेवायचा नाही, खाली उतरायचा नाही. आफ्रा खाली दगडावर रंगासाठी हिरवी माती वाटत बसली.

दुपारी उजेड गेला. मग छपरावर आवाज सुरू झाला, आधी तुरळक, मग सलग.

वरवंटा तसाच टाकून ती उठली. हात हिरवे, घागरा हिरवा, तशीच धावली. दारात गवताच्या शेतातून पळत आलेल्या बायका दंताळी हातात घेऊन शिरत होत्या, पावसाला शिव्या घालत होत्या. त्यांच्यातून वाट काढत ती बाहेर पडली आणि चर्चला वळसा घालून उत्तरेच्या भिंतीशी आली. ओठांवर नाव आलंच होतं.

पागोळ्या नव्हत्या.

पाऊस धो धो पडत होता आणि भिंतीलगतची ती रेघ कोरडी होती, धूळसुद्धा उडालेली नव्हती. आफ्राने वर पाहिलं. छपराच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकडाची नवीकोरी पन्हळ लावली होती, अजून तिला रंधा मारल्याचा वास होता. सगळं पाणी त्या पन्हळीतून गडगडत कोपऱ्याला जात होतं आणि तिथल्या पिंपात पडत होतं. काल दिवसभर या बाजूने ठोकाठोकी ऐकू येत होती ती हीच. तिला वाटलं होतं कौलं बदलताहेत.

पिंपाजवळ फादर सेबाल्ट डोक्यावर पोतं घेऊन उभा होता, पाणी भरताना बघत. एखाद्या मुलासारखा खूष होता.

"बघितलंस, आफ्रा? भिंतीला एक थेंब नाही."

"कोणी लावली ही?" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"सुताराने."

"लावायला कोणी सांगितली, फादर?"

"कोणी म्हणजे? तुझ्याच नवऱ्याने. वसंतातच मला म्हणाला, उत्तरेकडे पन्हळ लागल्याशिवाय मी त्या बाजूला हात लावणार नाही. छपराचं पाणी पायाशी मुरतं, भिंत ओल पिते आणि वर स्वर्गाला बुरशी येते. सुतारच मिळत नव्हता गवताच्या दिवसांत, म्हणून उशीर झाला." त्याने कौतुकाने पन्हळीकडे पाहिलं. "हुशार माणूस आहे हो तुझा."

आफ्राने तोंड उघडलं असतं तर जिभेवर नाव होतं तेच बाहेर पडलं असतं, आणि ते या माणसासमोर कोरड्यात सांडायचं नव्हतं. ती वळली. चर्चमध्ये आली, घागरा एका हाताने गोळा केला आणि परांचीची शिडी चढायला लागली. खालच्या बायका बोलायच्या थांबल्या. परांचीवर बाई चढत नाही आमच्याकडे.

वर क्विरिन पाठीवर रेलून श्टाडलरच्या बायकोचा दागिना रंगवत होता.

"पन्हळ तू लावायला सांगितलीस?"

"कुठली? हां, उत्तरेची. लागली का? बरं झालं." ब्रश थांबला नव्हता. "हिरवा वाटून झाला का?"

"तिथे ती आहे."

"कोण?"

"कोण म्हणजे? किती मुली आहेत तुला? पन्हळीखाली आहे ती, पागोळ्यांच्या रेघेत. मी आणि वाल्बुर्गामावशीने ठेवलीय. मी तीन आठवडे पावसाची वाट बघतेय, क्विरिन, आणि पाऊस आला तर तू तिच्या तोंडचं पाणी पळवून पिंपात घातलंस."

आता ब्रश थांबला. पण एवढासाच. मग त्याने गिलाव्याकडे पाहिलं, तो कडेने पांढरा पडायला लागला होता, आणि हात पुन्हा चालू झाला.

"मला काय माहीत तू तिला तिथे ठेवलीस? मला वाटलं, कुंपणापलीकडे..."

"आणि तुला चाललं ते."

"आफ्रा, ऐक. मी वसंतात सांगितलं होतं ते. तेव्हा ती पोटात होती. माझ्या गुरूंनी केवढा मोठा स्वर्ग रंगवला होता, पन्हळ नव्हती म्हणून दहा-बारा वर्षांत सगळ्या संतांना हिरव्या दाढ्या आल्या. ओल आली की रंग पापुद्र्यांनी गळतो. स्वर्गाला कोरडं छप्पर लागतंच."

"तुझ्या स्वर्गाला पाणी चालत नाही. आणि तिला पाण्याशिवाय स्वर्ग नाही. आता सांग, कोणाचं ऐकायचं?"

त्याचा हात चालूच होता आणि तेच तिला सहन होत नव्हतं. ओरडला असता, थोबाडीत मारली असती, तरी एक वेळ चाललं असतं. हा माणूस दागिन्याला चमक देत होता.

"तो ब्रश खाली ठेव."

"वाळतंय गं."

"वाळू दे."

त्याने ब्रश खाली ठेवला नाही. पण दागिना सोडला आणि पलीकडे सरकला. तिथे ढगाच्या काठाशी एका डोक्यापुरता ओला गिलावा उरला होता, रोझलसाठी ठेवलेला. तो घाईघाईने म्हणाला, "थांब. बघ. मी तिलाच इथे घेतो. आत्ता, तुझ्यासमोर. फादरला कळायचंसुद्धा नाही. येशूच्या मांडीपासून हातभर अंतरावर. पाणी नाही मिळालं तर नाही मिळालं, इथे तर येईल ना ती? रोज उजेड पडेल तिच्यावर. लोक खालून बघतील, गुडघे टेकतील. अजून काय पाहिजे?"

आणि तो रंगवू लागला. हात भराभर चालत होता, हात त्याचा चांगलाच होता, यात काही खोटं नाही. गाल आले, कपाळ आलं, ओठ आले. केसांशी आल्यावर थोडा अडखळला, मग त्याने काळे केले, आफ्राचे काळे आहेत म्हणून. आफ्रा बघत राहिली. खोटं कशाला सांगा, तिला ते हवंसं वाटलं. एवढ्या सोन्याच्या उजेडात एक लहान तोंड, आणि ते आपलं. तिचा राग क्षणभर पायाखालून सरकला. तिने पुढे होऊन नीट पाहिलं.

रोझल होती ती. काळ्या केसांची रोझल. तेच लोणी, तीच हनुवटी, आणि डोळे टक्क उघडे.

"ही श्टाडलरची आहे," आफ्रा म्हणाली.

"अगं, लहान मुलं सगळी सारखीच..."

"सारखी नसतात. माझी अशी नव्हती. तिचं कपाळ असं नव्हतं. नाक असं नव्हतं. कानसुद्धा चुकलाय." आता ती ओरडत होती, आणि खाली दारापर्यंत ऐकू जात होतं. "तू बघितलंच नाहीस तिला. खाटेच्या पायथ्याशी उभा होतास, चार पावलं चालला असतास तर दिसली असती. गावातली पोरं दिवस दिवस बसून बघतोस, त्यांच्या नखांचे आकार तुला पाठ आहेत, आणि स्वतःच्या पोरीकडे पाठ करून दार बघत बसलास. आणि आता मला दुसऱ्याची पोर देतोस, केस रंगवून?"

तिने हात उगारला. क्विरिनला वाटलं आपल्याला मारणार, त्याने डोळे मिटले. तिने तो हिरवा पंजा ओल्या गिलाव्यावर ठेवला आणि तोंडावरून खाली ओढला. गाल, ओठ, काळे केस सगळं चुन्यासकट तिच्या बोटांत आलं, आणि स्वर्गात एक खरवडलेला खड्डा राहिला.

"तिच्याऐवजी दुसरी कोणी वर बसणार नाही," ती म्हणाली.

क्विरिन त्या खड्ड्याकडे बघत राहिला. मग हलकेच म्हणाला, "मला भीती वाटली. बघितलं असतं तर पुन्हा लहान मूल रंगवता आलं नसतं, असं वाटलं. आणि वर देवदूतच देवदूत काढायचे होते."

"मला नव्हती वाटली भीती? मी बघितलं."

गिलावा फोडायचा हातोडा फळीवर पडला होता. तो तिने उचलला, कमरेला खोचला आणि शिडीवरून उतरली.

बाहेर सुताराची शिडी अजून भिंतीला टेकलेली होती. पाऊस तसाच होता. आफ्रा चार पायऱ्या चढली तोवर फादर पोतं सावरत धावत आला, त्याच्यामागे दंताळीवाल्या बायका, त्यांच्यामागे लंगडत वाल्बुर्गा.

"आफ्रा, उतर खाली. काय करतेयस?"

"पन्हळ काढतेय."

"ती चर्चची आहे."

"आणि खाली आहे ती कोणाची?"

फादरचा चेहरा उतरला. त्याने त्या कोरड्या रेघेकडे पाहिलं आणि लगेच नजर उचलली. "खाली काय आहे ते मला माहीत नाही. मला ते माहीत करून देऊ नका. एवढी वर्षं मी या बाजूला फिरकलो नाही, आफ्रा, ते उगाच नाही. पण पन्हळ निघाली तर भिंत ओल धरेल, वरचं सगळं काम जाईल. हे मी नाही म्हणत, तुझा नवराच म्हणतो." त्याने मागे वळून हाक मारली. "क्विरिन, बाबा, तूच सांग हिला."

क्विरिन कोपऱ्यावर येऊन उभा होता, चुन्याने पांढरा, डोक्यावर टोपी नाही. ओला गिलावा सोडून तो खाली आलेला गावाने पहिल्यांदाच पाहिला. सगळे त्याच्याकडे बघत होते. आफ्राही शिडीवरून बघत होती, आणि तिला पुढचं ठाऊक होतं. आता ती मान डोलावली जाणार. खाली जाणार, वर येणार, आणि मग या माणसाबरोबर एका छपराखाली ती राहणार नव्हती, कोरड्या नाही की ओल्या नाही.

क्विरिन शिडीशी आला. "उतर," तो तिला म्हणाला. "हातोडा दे."

"नाही देणार."

"तुझा हात पोचत नाही तिथवर. दे."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, खाली उतरली आणि हातोडा दिला. तो वर चढला, पन्हळीला धरून ठेवणाऱ्या लाकडी आकड्यावर त्याने घाव घातला, दुसरा घातला, तिसऱ्याला आकडा निघाला. पन्हळ वाकली, पण पडली नाही.

"क्विरिन," फादर म्हणाला, "तुझा स्वर्ग सडेल रे."

"सडेल." त्याने पुढच्या आकड्यावर हातोडा मारला. "याच बाजूने सुरुवात होईल. आधी श्टाडलरचं पोट जाईल. मग त्याची आई."

कोणीतरी बाई फिसकन हसली. मग वाल्बुर्गा पुढे आली, शेजारणीच्या हातातलं दंताळं तिने ओढून घेतलं, वर करून पन्हळीच्या काठाला अडकवलं आणि त्याला लोंबकळली. "बघता काय, मेल्यांनो," ती बायकांना म्हणाली. "तुमची नाहीत का इथे कोणी? सगळ्यांना मीच आणलंय, मला शिकवू नका."

एक पुढे झाली. तिच्यामागे दुसरी, रोज गोठ्यात शेण काढणारी अबोल बाई, तिने तर दंताळं असं मारलं की लाकूड चिरलं. मग सगळ्याच. फादर हात वर करून नको नको म्हणत होता, मग त्याने हात खाली घेतले आणि कोपऱ्यामागे निघून गेला. तिकडे बघायचं नाही हे त्याला जमत होतंच. पन्हळ एका टोकाकडून सुटली, कडकड वाजली आणि लांबच्या लांब चिखलात येऊन पडली.

आणि छपराने पाणी सोडलं. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पागोळ्या लागल्या, त्या जुन्या रेघेत बरोबर. धूळ काळी झाली, मग तिच्यातून पाणी वाहायला लागलं. बायका आपापल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. कोणी कोणाला जागा विचारली नाही. म्हाताऱ्या होत्या त्याही गेल्या, त्यांनी आपलं केव्हाच म्हणून टाकलं होतं, तरी पुन्हा म्हणाल्या.

आफ्रा रेघेशी गुडघे टेकून बसली. पागोळ्या तिच्या डोक्यावर, पाठीवर पडत होत्या, छातीचा फडका भिजून जड झाला होता.

"क्रेसेन्झ," ती म्हणाली. आवाजात अजून रागच होता, तो कुठे ठेवायचा हे तिला कळत नव्हतं, तेव्हा त्याच आवाजात ती बोलली. "क्रेसेन्झ, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुझा बाप्तिस्मा करते. आता तिथे गेल्यावर तुला कोणी बाहेर उभं केलं तर मला येऊन सांग."

क्विरिन शिडीवरून उतरून तिच्या मागे थांबला होता. जवळ बसायचा धीर त्याला झाला नाही.

"क्रेसेन्झ," त्याने एकदा म्हणून पाहिलं. मग विचारलं, "केस कसे होते?"

आफ्राने मागे पाहिलं नाही. सांगावंसं तिला वाटत नव्हतं. तरी सांगितलं. "काळे. ओले. मानेवर जास्त."

"आणि कपाळ?"

"लहान. आठ्या पडलेल्या, कोणावर तरी चिडल्यासारख्या."

"कान चुकला म्हणालीस."

"उजवा," आफ्रा म्हणाली. "वरची कड दुमडलेली होती."

पाणी पडत होतं. क्विरिनचा चुन्याने माखलेला हात हळूहळू वर गेला आणि स्वतःच्या उजव्या कानाशी थांबला. मग तो तिच्या शेजारी चिखलात बसला.